मालिकेतली सासू अहिराणी कधी बोलणार?

मालिकेतल्या सुनेचं बोलणं माझ्या आईला कधी पचलंच नाही. सुनेनं ‘आई, तुमची हरकत नसेल तर...’ असं सुरू केलं, की अमळनेरच्या आमच्या स्वयंपाकघरातून, कळण्याची भाकरी थापता थापता, आईचा अहिराणीतला आवाज यायचा, ‘माय व माय, इतलं लांब कोन बोलस?’ आमच्याकडे सासू-सुनेचं भांडणही तीन-चार शब्दांत आटोपतं.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं आणि शिकलेल्या घरात पुण्या-मुंबईचंच मराठी बोलतात, असा रिवाज पडद्यावर रुळला. बोली उरली गडी, मोलकरीण, हवालदार यांच्यापुरती. नाटकात ‘वस्त्रहरण’नं 1980मध्येच मालवणी गाजवली होती. मालिकांना जाग उशिरा आली. 2016मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’तून मालवणी आणि ‘तुझ्यात जीव रंगला’तून कोल्हापुरी घराघरांत पोचली, पुढच्या वर्षी ‘लागिरं झालं जी’तून सातारी. इंग्लंडची ‘कोरोनेशन स्ट्रीट’ मात्र 1960पासून मँचेस्टरकडच्या बोलीतच भांडते आहे, आणि जपानच्या ‘ओशिन’मधली (1983) गरिबाघरची पोर यामागाताच्या बोलीत रडते. आपल्याकडे बोलीनं बहुतेकदा हसवायचंच काम करायचं.

अहिराणीची अडचण जुनी आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सननं 1907मध्ये ती ‘खान्देशी’ या नावानं, मराठीत न धरता, आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या भिल्ल बोलींच्या खंडात घातली. 2011च्या जनगणनेतही ती त्याच नावाखाली वेगळी मोजली गेली, बोलणारे सुमारे 18.6 लाख. वाद पंडितांनी घालावा. ‘तू काय करस?’ ऐकून पुणेकराला गुजराती वाटते, हे मात्र मी स्वतः अनुभवलं आहे.

जळगावकडची लेवा बोली तर थेट शाळेच्या पुस्तकात पोचली. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेवांनी जपलेली त्यांची गाणी 1952मध्ये पुस्तकरूपानं आली. त्या बोलीतली कविता पोरं पाठ करतात आणि संध्याकाळी टीव्हीवर तिचा मागमूस नसतो.

लोक चॅनेलची वाट पाहत बसले नाहीत. मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं, पण बोलण्याच्या ढबीनं आमच्याच पंगतीतलं. तिथल्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, मग विनोदी सीड्यांचा धंदा खान्देशभर चालला. आता तीच गर्दी मोबाइलवर आहे. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणं तर अहिराणीचा गंध नसलेल्यांच्या लग्नातही वाजतं.

तेव्हा प्रेक्षक मिळणार नाहीत, ही सबब मालिकावाल्यांनी आता सांगू नये.