लायनर, पॅड आणि घरची मजुरी

मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावायची युक्ती भर रस्त्यात सुचली. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही जर्मन बाई दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजत चालले, तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. मोटारीचं पहिलं ब्रेक लायनर ते हेच, असं मानतात. मोटारवाल्यांनी स्वतःचे ब्रेक स्वतः नीट करण्याचा इतिहास मी तिथूनच मोजतो, कारण त्या दिवशी गाडी चालवणारीनेच गाडीचं दुखणं ओळखलं आणि हाताशी होतं त्यातून ते निस्तरलं.

पुढे १८९७ च्या सुमारास इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने हाच धागा उचलला. डोंगराळ भागातले गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात, हे त्याने पाहिलं होतं. त्यावरून प्रयोग करत त्याने लायनरचा धंदा उभा केला. तीच पुढची फेरोडो कंपनी. चामडं आणि सूत तापल्यावर जळत. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आलं. हे खनिज सुतासारखं विणता येतं आणि आगीत टिकतं. ब्रेकचं कामच मुळी धावत्या गाडीचा वेग घासून घासून उष्णतेत बदलायचं, त्यामुळे याहून सोयीचा माल त्या काळी कोणाला दिसला नाही. याच ॲस्बेस्टॉसने पुढे काय केलं, ते खाली सांगतो.

आमच्याकडे हा इतिहास कुर्ल्यावरून आला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ जोडल्या गेल्या, १९५४ पासून फियाट ११०० आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. नाव बदललं तरी मुंबईचा टॅक्सीवाला शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणाला. माझे वडील त्यांतलेच. परळच्या चाळीसमोर त्यांची काळीपिवळी उभी असायची आणि तिचे ब्रेक तिथेच, फुटपाथच्या कडेला व्हायचे.

याचं कारण सरळ होतं. टॅक्सी गॅरेजमध्ये गेली की मजुरी जायची आणि त्या दिवसाचा धंदाही बुडायचा. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, तेव्हा हातातली गाडी चालती ठेवणं याला पर्यायच नव्हता. सुटे भाग जपून वापरायचे, जुना भाग शक्यतो दुरुस्त करायचा. ब्रेकचा शू कोणी टाकून देत नसे. शू तोच राहायचा, त्याच्यावरचं लायनर तेवढं बदलायचं.

फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. बिडाच्या ड्रमच्या आत अर्धगोल दोन शू. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर ते बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमला घासतं. वडील चाक काढून ड्रमवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके मारत आणि ड्रम सुटवत. मग स्प्रिंगा, मग शू. जुने रिबिट छिन्नीने उडवायचे, शू घासून साफ करायचा, नवं लायनर त्याच्यावर बसवायचं आणि नवे रिबिट मारायचे. ते मधून सुरू करून टोकांकडे जायचं, म्हणजे लायनर शूला सगळीकडून चिकटून बसतं. टोकांकडून सुरू केलं तर मध्ये पोकळी राहते आणि तिथेच लायनर तडकतं. रिबिटाचं डोकं लायनरच्या पृष्ठभागाच्या खाली गेलंच पाहिजे. लायनर झिजत रिबिटापर्यंत आलं की धातूवर धातू घासतो, ड्रमला चरे पडतात आणि मग लेथवर टर्निंग मारून आणायचा खर्च बोकांडी बसतो. म्हणून वडील चरचर ऐकू येण्याची वाट पाहत नसत. पेडल जरा खाली जायला लागलं की त्यांचा ड्रम उघडलेला असे.

या कामाचा एक भाग मात्र एकट्याने होत नाही, आणि मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. सिलिंडर उघडला की ब्रेकच्या पाइपात हवा शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. त्यामुळे हवा राहिली तर पेडल स्पंजसारखं मऊ लागतं आणि गाडी थांबत नाही. ती काढायला एक माणूस चाकापाशी पाना घेऊन, दुसरा पेडलवर. आमच्याकडे पेडलवर बहुधा आई असायची, पुढे मी. "दाब. धरून ठेव." वडील सिलिंडरवरचं हवा काढायचं निपल सैल करत, बुडबुडे येत, ते निपल पुन्हा आवळत. "आता सोड." निपल आवळण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत जाते, हे आईला पुस्तकाशिवाय कळलं होतं. परळ, लालबाग, कुर्ला, कुठेही जा, टॅक्सीवाल्यांच्या घरातल्या बायका-मुलांनी अशी हवा काढलेली आहे. मुंबईच्या टॅक्सीच्या इतिहासात त्यांच्या मजुरीची नोंद कुठेही नाही, ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मी पुढे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, तोवर गाड्या बदलल्या होत्या. १९५३ च्या ल मॉन्सच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर बाजी मारली, तेव्हापासून जगभर डिस्कचं युग सुरू झालं. आपल्याकडे मारुतीनंतरच्या पिढीत पुढच्या चाकांची डिस्क घरोघरी पोचली आणि तिच्याबरोबर पॅड आले. पॅडला रिबिट मारायचे नसतात. लोखंडी पट्टीवर घर्षणाचा माल चिकटवूनच येतो. चाक काढा, कॅलिपरचे बोल्ट सोडा, जुने पॅड काढा, क्लॅम्पने पिस्टन मागे सारा, नवे पॅड बसवा. पाइप उघडायचा नसल्याने हवाही शिरत नाही. टॅक्सीवाल्यांचं हे काम आता इमारतीखाली गाडी लावणाऱ्या कारकुनाच्याही आवाक्यात आलं. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पहिली कमाई शेजाऱ्यांचे पॅड बदलून केली.

आता ॲस्बेस्टॉस. ड्रम उघडला की आत राखाडी भुकटी साचलेली असे. ती फुंकर मारून नाहीतर सायकलच्या पंपाने उडवत. सगळे गॅरेजवाले हेच करत, वडीलही. त्या भुकटीतले तंतू फुप्फुसात अडकले की बाहेर पडत नाहीत, आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईतल्या ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्यातल्या साधारण दर पाच कामगारांमागे एकाला ॲस्बेस्टॉसिस आढळला होता. त्याआधी, जानेवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांचं आरोग्य हा त्यांचा मूलभूत हक्क ठरवला होता आणि प्रत्येकाची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं होतं. कारखान्यातल्या कामगाराची निदान अशी नोंद होण्याची सोय झाली. फुटपाथवर ड्रम उघडणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? मजुरी वाचवणाऱ्या घरांनी जी किंमत मोजली, तिचा हिशेब कोणाकडेच नाही. याचं मला आजही दुःख आहे आणि रागही आहे.

आता घरच्या कामाला दुसऱ्याच अडचणी आल्या आहेत. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे. काही गाड्यांचा हँडब्रेक बटणावर चालतो. त्यांच्या मागच्या चाकांचा पिस्टन स्कॅनर लावल्याशिवाय मागे जात नाही, आणि जोर केला तर मोटर बिघडते. पद्मिनीही गेली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर रिबिट मारणारे हातही थांबले.

तरीही हे काम घरातून जाऊ नये, असं माझं मत आहे. पॅड स्वतः बदलणाऱ्याला आपली गाडी कशाच्या जोरावर थांबते हे ठाऊक असतं. तो घाटात उतरताना खालच्या गिअरमध्ये राहतो, ब्रेक तापवत नाही. फक्त बचत कुठे करायची, ते ठरलेलं असावं. मजुरी वाचवा, मालात कसर नको. स्वस्तातला, खोक्यावर नाव-गाव नसलेला पॅड घेऊ नका. पॅड तीन मिलिमीटरवर आला की बदला, आणि एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली घोडी लावा. भुकटी कधीही फुंकू नका. ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने ओली करून पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. पिस्टन मागे सारण्याआधी ऑइलच्या डबीचं झाकण उघडा आणि ऑइल उतू जाऊन रंगावर पडणार नाही हे बघा. आणि काम संपल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. नवे पॅड बसवल्यावर पहिल्या दाबांना पेडल तळाला जातं. हे विसरून निघालेली गाडी समोरच्या भिंतीवरच थांबते.

घरातल्या मुलाला, मुलीला शेजारी बसवा. पेडलवर पाय ठेवू द्या, पॅडची जाडी मोजू द्या. ब्रेकचं काम आमच्या घरात असंच एकाकडून दुसऱ्याकडे आलं, आणि पुढेही ते असंच जाईल.