गोठलेले भाडे : मुंबईचे दुकानगाळे आणि भाडेनियंत्रणाचा कायदा

भारतात भाड्यावर नियंत्रण आणणारा पहिला कायदा १९१८ साली मुंबईत झाला. पहिले महायुद्ध चालू होते, गिरण्यांत काम शोधायला माणसे येत होती आणि नवी घरे पुरेशी बांधली जात नव्हती. अशा टंचाईत मालकाने वाटेल ते भाडे मागू नये, एवढाच त्याचा हेतू होता. तो तात्पुरता होता व पुढे संपलाही. दुसऱ्या महायुद्धात टंचाई परत आली, तसे कायदेही परत आले. त्यांतूनच १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा तयार झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. हाही मुदतीचाच होता, पण मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवून देई. असे करत करत तो अर्धशतक टिकला.

‘प्रमाण भाडे’ ही कल्पना या कायद्याचा गाभा होती. जागा १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या भाड्याने दिलेली असेल, ते तिचे प्रमाण भाडे. कर वाढले किंवा मालकाने इमारतीत सुधारणा केली तर थोडी वाढ मिळे. महागाई वाढली म्हणून मिळत नसे.

हा कायदा फक्त घरांसाठी होता असे अनेकांना वाटते. तसे नव्हते. व्यापारासाठी दिलेल्या जागाही त्यात होत्या. गिरगावातला शिंपी, नाक्यावरचा वाणी आणि फोर्टमधल्या बँकेची शाखा, तिघांनाही तेच संरक्षण. भाडे कधी ठरले हे कायदा विचारत होता. भाडे कोण भरतो आहे आणि त्याची ऐपत काय, हे विचारत नव्हता. पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ माझ्या मते इथे आहे.

भाडे गोठले तरी जागेची किंमत गोठत नाही. ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडली. ती वाट म्हणजे पागडी. जुना दुकानदार गाळा सोडताना नव्याकडून मोठी रक्कम घेई, तिच्यातला ठरलेला हिस्सा मालकाला मिळे आणि भाडेपावतीवर नाव बदले. मालकाने किंवा भाडेकरूने अशी रक्कम घेणे १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता, तरी व्यवहार राजरोस चालत. लहान दुकानदाराची अडचण लक्षात घ्या : आयुष्याची पुंजी त्याने गाळ्यात घातलेली, पण तिची पावती नाही. त्याच्या हाती कागद होता तो फक्त महिन्याच्या भाड्याचा.

मालकही सुखी नव्हता. समजा, गाळ्याचे भाडे पन्नास रुपये. त्यात छताची कौले तरी बदलतील का? स्थापत्यच्या वर्गात मी जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारती शिकवतो तेव्हा वाळवी आणि गळती यांच्या बरोबरीने प्रमाण भाडेही फळ्यावर लिहितो. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. जागा स्वतःच्या धंद्यासाठी हवी असलेल्या मालकाला न्यायालयात गरज सिद्ध करावी लागे. शिवाय जास्त हाल कोणाचे होतील, त्याचे की भाडेकरूचे, हेही न्यायालय पाही. असे दावे कैकदा वारसांपर्यंत चालत.

१९७३ मध्ये आणखी एक वळण आले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर जागा वापरत असलेल्यांना दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा दिला. त्याचा धसका मालकांनी असा घेतला की अनेकांनी जागा कुलूप लावून ठेवणे पसंत केले.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रमाण भाड्याच्या तरतुदी केल्या तेव्हा वाजवी असतीलही, पण काळ लोटल्यामुळे त्या मनमानी ठरल्या आहेत. तरीही न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत, कारण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणार होती. ती पुन्हा वाढवली गेली! अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडी कायदेशीर केली. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना त्याने संरक्षणातून वगळले. भाडेकरू कोण, हा प्रश्न कायद्याने इथे ठळकपणे विचारला.

दिल्लीत गाडी वेगळ्या ठिकाणी अडली. तिथल्या १९५८ च्या कायद्याखालील दुकानाची भाडेदारी वारसांकडे जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ग्यानदेवी आनंद खटल्यात ठरवले. संसदेने १९९५ मध्ये नवा कायदा मंजूर केला, पण व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे तो कधी अमलातच आला नाही. मालकाला खऱ्या गरजेसाठी दुकानही परत मागता येईल, हे शेवटी २००८ मध्ये न्यायालयानेच सत्यवती शर्मा खटल्यात मान्य केले.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात दुकानांसाठीची अनामत सहा महिन्यांच्या भाड्यापर्यंत मर्यादित आहे. मात्र तो पुढे होणाऱ्या करारांसाठी आहे. लहान मालक आणि पागडीचा लहान दुकानदार यांच्यातला जुना गुंता त्याच्या कक्षेत येत नाही. मुंबईत तो आजही लघुवाद न्यायालयातच सुटतो, किंवा इमारतीच्या पुनर्विकासाच्या वेळी.