कृत्रिम पटल आणि पुराव्याचा प्रश्न

आजचा विषय जीवशास्त्राचा वाटेल, पण माझा रस त्यातल्या एका जुन्या तत्त्वज्ञानाच्या प्रश्नात आहे. डोळ्यांना न दिसणारं कारण सिद्ध कसं करायचं?

आपल्या पेशी ज्या रेणूच्या रूपात ऊर्जा खर्च करतात त्याचं नाव एटीपी. अन्नाचं ज्वलन होतं आणि एटीपी तयार होतो, हे 1950च्या दशकात सगळ्यांना ठाऊक होतं. पण या दोहोंना जोडणारा दुवा कोणता? 1953 साली स्लेटर यांनी सुचवलं की मध्ये एखादा ऊर्जासंपन्न रासायनिक पदार्थ असणार. झालं, प्रयोगशाळाच्या प्रयोगशाळा त्या पदार्थाच्या शोधाला लागल्या. वर्षांमागून वर्षं गेली, पण पदार्थ काही सापडेना.

1961 साली पीटर मिशेल यांनी वेगळंच मांडलं. ते म्हणाले, असा पदार्थ नाहीच. पेशीतल्या तंतुकणिकेचं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचं, आतलं पटल प्रोटॉन एका बाजूला ढकलतं. धरणात पाणी साठावं तसे ते साठतात, आणि परत येताना एका एन्झाइममधून वाहतात. त्या प्रवाहावर एटीपी बनतो. पुढे मिशेल एडिनबरा विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमधल्या ग्लिन नावाच्या जुन्या वाड्यात गेले आणि जेनिफर मॉयल यांच्यासह तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत काम करत राहिले. बहुतेक जाणकारांना त्यांची कल्पना पटली नव्हती.

1966 मध्ये याजेन्डॉर्फ आणि उरिबे यांनी पालकातली हरितलवकं आधी आम्ल द्रावणात बुडवली आणि मग अंधारातच अल्कधर्मी द्रावणात टाकली. प्रकाश नसतानाही एटीपी बनला! पुरावा मोठा होता, पण शंकेखोर म्हणू शकत होता, ‘हरितलवकात शेकडो गोष्टी आहेत. तुमचा तो दुवा त्यांतच कुठेतरी दडलेला नसेल कशावरून?’ आणि ही शंका रास्त होती, बरं का. पूर्ण यंत्र समोर असताना त्यातला नेमका कोणता भाग काम करतो हे सांगता येत नाही.

इथे कृत्रिम पटल कामाला आलं. मेदाचे विशिष्ट रेणू पाण्यात घातले की ते आपोआप दुपदरी आवरणाचे सूक्ष्म फुगे बनवतात. अ‍ॅलेक बँगहॅम यांनी 1960च्या दशकात ते ओळखले. आज आपण त्यांना लायपोसोम म्हणतो. 1974 साली एफ्राइम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी असेच फुगे घेतले. मेद सोयाबीनचा. त्यात अतिखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचं जांभळं प्रथिन बसवलं, जे प्रकाश पडला की प्रोटॉन ढकलतं. आणि शेजारी गुरांच्या हृदयातल्या तंतुकणिकांमधून काढलेलं एटीपी बनवणारं एन्झाइम.

आता बघा, सोयाबीन, खारा सूक्ष्मजीव आणि गुराचं हृदय! या तिघांची निसर्गात कधी गाठ पडलेली नाही. त्यांच्यात ठरलेला एखादा खास रासायनिक निरोप्या असण्याची शक्यताच जवळपास उरत नाही. समान काही असेल तर ते फक्त प्रोटॉन. प्रकाश पाडला, प्रोटॉन फुग्यात शिरले, एन्झाइममधून बाहेर पडले आणि एटीपी बनला. अंधार केला की नाही. पटलातून प्रोटॉन गळू देणारं द्रव्य घातलं, तरीही नाही.

आपल्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तिथे कार्य, कारण नसेल तिथे कार्य नाही. पण रॅकर-स्टोकेनियस यांनी त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. नको ते सगळं काढून टाकलं आणि उरलेल्यातून कार्य पुन्हा उभं केलं. 1978 साली मिशेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तरी एक सावधगिरी हवी. फुग्यात जे घडतं त्यावरून ‘असं घडू शकतं’ एवढंच सिद्ध होतं. ‘जिवंत पेशीत असंच घडतं’ हे वेगळं विधान आहे, आणि त्यासाठी पुन्हा पेशीकडेच जावं लागतं. पालकाचा प्रयोग आणि फुग्याचा प्रयोग म्हणूनच एकमेकांना पूरक ठरले. एकाने खरी व्यवस्था दाखवली, दुसऱ्याने तिच्यातलं आवश्यक तेवढं वेगळं काढलं. एकट्यादुकट्या प्रयोगावर निर्णय देण्याची घाई आपण सगळेच करतो, बातम्या वाचताना तर हमखास. तेव्हा पुढच्या वेळी ‘प्रयोगशाळेत सिद्ध झालं’ असं कुणी म्हणालं, तर विचारा, नेमकं काय सिद्ध झालं? शक्यता की वस्तुस्थिती?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.