ॲजाइल सॉफ्टवेअर विकास

ॲजाइल सॉफ्टवेअर विकास ही सॉफ्टवेअर तयार करण्याच्या अनेक पद्धतींना आधारभूत असलेली विचारसरणी आहे. 'ॲजाइल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ चपळ असा होतो. या विचारसरणीत संपूर्ण प्रकल्पाचा आराखडा आरंभीच कायम केला जात नाही. काम लहान टप्प्यांत विभागले जाते, प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस चालू स्थितीतील सॉफ्टवेअर वापरकर्त्यांपुढे ठेवले जाते आणि त्यांच्या अभिप्रायावरून पुढील कामाची दिशा ठरते. चूक जितकी उशिरा उघडकीस येते तितकी ती दुरुस्त करणे खर्चिक होते, हे यामागील मूळ गृहीतक आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकी अभियंते विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक निबंध लिहिला. गरजांची नोंद, विश्लेषण, रचना, प्रोग्रॅमलेखन, चाचणी आणि वापर या पायऱ्या एकाखाली एक दाखवणारी आकृती त्यात होती. पुढे ही रीत 'वॉटरफॉल' (धबधबा) पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. रॉइस यांनी स्वतः हा शब्द वापरलेला नाही. चाचणी अगदी शेवटी होत असल्याने ही सरळ रीत जोखमीची आहे, असा इशाराही त्यांनी त्याच निबंधात दिला होता. मात्र व्यवहारात पुष्कळदा आकृती स्वीकारली गेली आणि इशारा मागे राहिला.

हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये नव्या उत्पादनांच्या विकासाविषयी लेख लिहिला. एका विभागाने काम संपवून दुसऱ्याकडे सोपवण्याऐवजी रग्बीच्या खेळाडूंप्रमाणे सर्वांनी मिळून पुढे सरकावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'स्क्रम' हे नाव या रूपकातून आले. जेफ सदरलंड यांनी १९९३ पासून ही पद्धत सॉफ्टवेअरसाठी वापरली आणि १९९५ साली केन श्वाबर यांच्यासह तिची मांडणी केली. याच दशकात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या वेतनप्रणालीवर काम करताना केंट बेक यांनी 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ही पद्धत विकसित केली.

जाहीरनामा

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअरतज्ज्ञ एकत्र आले. बेक, सदरलंड आणि श्वाबर यांच्याखेरीज मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, ॲलिस्टर कोबर्न, रॉबर्ट मार्टिन आदींचा त्यांत समावेश होता. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात चार मूल्ये आणि त्यांना पूरक बारा तत्त्वे आहेत. मूल्यांचा आशय असा :

* ठरावीक प्रक्रिया व साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांच्यातील संवाद अधिक महत्त्वाचा.
* सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालू सॉफ्टवेअर अधिक महत्त्वाचे.
* करारातील अटींवरील वाटाघाटींपेक्षा ग्राहकाचे सहकार्य अधिक महत्त्वाचे.
* ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक महत्त्वाचे.

प्रत्येक जोडीतील गौण ठरवलेल्या गोष्टीलाही मूल्य आहे, असे जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे 'ॲजाइल म्हणजे नियोजन नको आणि दस्तऐवजही नकोत' हा प्रचलित समज मूळ मजकुराला धरून नाही.

प्रमुख पद्धती

* स्क्रम : काम एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीच्या 'स्प्रिंट'मध्ये केले जाते. २०२०च्या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार गटात साधारणपणे दहा किंवा त्याहून कमी व्यक्ती असतात. कामांचा अग्रक्रम 'प्रॉडक्ट ओनर' ठरवतो, पद्धतीचे पालन नीट होण्याची जबाबदारी 'स्क्रम मास्टर'कडे असते आणि प्रत्यक्ष निर्मिती विकसक करतात.
* एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग : दोघांनी एकत्र बसून प्रोग्रॅम लिहिणे, आधी चाचणी लिहून मग प्रोग्रॅम लिहिणे इत्यादी तांत्रिक शिस्तीवर भर.
* कानबान : टोयोटाच्या कारखान्यांतील पद्धतीवरून घेतलेली कल्पना. फलकावर सर्व कामे मांडली जातात आणि एका वेळी हाती घ्यायच्या कामांवर मर्यादा घातली जाते.

गटातील अंमलबजावणी

वापरकर्त्याची गरज त्याच्याच दृष्टीने थोडक्यात लिहिली जाते. तिला 'यूझर स्टोरी' म्हणतात. ग्रंथालयाच्या प्रणालीसाठी ती अशी असू शकेल : 'मला हवे असलेले पुस्तक परत आले की सभासद म्हणून मला संदेश मिळावा, म्हणजे माझी फेरी वाया जाणार नाही.' यात गरज कोणाची, गरज कोणती आणि ती कशासाठी, या तीनही गोष्टी येतात. कारण ठाऊक असल्याने विकसक अधिक सोपा उपायही सुचवू शकतात. अशा नोंदींच्या अग्रक्रमानुसार लावलेल्या यादीला 'बॅकलॉग' म्हणतात.

स्प्रिंटच्या आरंभी गट या यादीतून आपल्याला पेलेल इतके काम निवडतो. रोज जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची बैठक होते. ही बैठक विकसकांनी परस्परांत दिवसाचे काम जुळवून घेण्यासाठी असते. वरिष्ठांना अहवाल देणे हा तिचा हेतू नाही. स्प्रिंटच्या शेवटी तयार झालेला भाग संबंधितांना दाखवला जातो. त्यानंतर 'रेट्रोस्पेक्टिव्ह' या बैठकीत गट स्वतःच्या कार्यपद्धतीचा आढावा घेतो.

काम 'पूर्ण' झाले असे केव्हा म्हणायचे, याचे निकष आधीच ठरवणे आवश्यक असते. प्रोग्रॅम लिहून झाला, पण त्याची चाचणी झाली नाही, अशी कामे पूर्ण धरली गेली तर प्रगती प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसते. तसेच प्रत्येक बदलानंतर जुने भाग बिघडले नाहीत ना, हे तपासणाऱ्या स्वयंचलित चाचण्या नसतील, तर वारंवार बदल करणे धोक्याचे ठरते.

उदाहरण : सेंटिनेल प्रकल्प

अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने तपासाच्या कागदी नस्ती संगणकावर आणण्याचा एक प्रयत्न सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २००५ मध्ये सोडून दिला. त्यानंतर २००६ मध्ये 'सेंटिनेल' हा चार टप्प्यांचा प्रकल्प कंत्राटदारामार्फत सुरू झाला. तो डिसेंबर २००९ मध्ये पूर्ण होणे अपेक्षित होते. ऑगस्ट २०१० पर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या अंदाजपत्रकापैकी सुमारे ४०.५ कोटी डॉलर खर्च झाले, परंतु चारपैकी दोनच टप्पे हाती आले.

त्यानंतर एफबीआयने प्रकल्पाची सूत्रे स्वतःकडे घेऊन दोन आठवड्यांच्या स्प्रिंटची पद्धत अवलंबली. नवी मुदतही पाळली गेली नाही. २०११च्या शरद ऋतूत घेतलेल्या चाचणीत जुनी यंत्रसामग्री अपुरी असल्याचे दिसले आणि ती बदलावी लागली. अखेर १ जुलै २०१२ रोजी प्रणाली कार्यान्वित झाली. पद्धत बदलल्यानंतरही अडचणी आल्या, परंतु प्रणाली सर्वत्र लागू करण्यापूर्वीच त्या लक्षात आल्या.

विखुरलेले गट

जाहीरनाम्यातील तत्त्वांत समोरासमोरच्या संभाषणावर भर आहे. पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील अनेक गट मात्र परदेशी ग्राहकांसाठी काम करतात. न्यूयॉर्क आणि भारत यांच्या वेळेत ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक असतो. पुण्यात सकाळी पडलेल्या शंकेचे उत्तर संध्याकाळी मिळते आणि दोन आठवड्यांच्या, म्हणजे दहा कामकाजी दिवसांच्या स्प्रिंटमधील एक दिवस जातो. यावर उपाय म्हणून दोन्हीकडच्या कामाच्या वेळा अंशतः जुळवल्या जातात, निर्णयाचे अधिकार असलेली व्यक्ती गटासोबत ठेवली जाते किंवा शंकासमाधान लेखी नोंदवले जाते.

टीका व मर्यादा

बैठकांचा क्रम पाळला जातो, पण निर्णयाचा अधिकार गटाला मिळत नाही, ही या पद्धतीच्या वापरावरील सर्वांत गंभीर टीका आहे. व्याप्ती, मुदत आणि खर्च हे तिन्ही करारात आधीच बांधलेले असतील, तर अभिप्राय घेऊनही बदलाला वाव उरत नाही. अशा वेळी स्प्रिंट ही केवळ दर पंधरवड्याची मुदत बनते. गटाच्या कामाचा वेग दाखवणारी 'व्हेलॉसिटी' ही संख्या त्या गटाच्या स्वतःच्या अंदाजासाठी असते. तिच्यावरून निरनिराळ्या गटांची तुलना होऊ लागल्यास अंदाज फुगवले जातात आणि संख्येचा उपयोग संपतो. जाहीरनाम्याचे एक स्वाक्षरीकर्ते डेव्ह थॉमस यांनी २०१४ साली 'ॲजाइल' हा शब्द बाजारू झाल्याची टीका केली. मूळ मूल्ये मात्र त्यांनी नाकारली नाहीत.

विमाने, वैद्यकीय उपकरणे अशा क्षेत्रांत सुरक्षाविषयक नियमांमुळे सविस्तर दस्तऐवज अनिवार्य असतात. तेथे ही पद्धत नियमांशी सांगड घालूनच वापरावी लागते. ज्या कामाच्या गरजा आरंभीच निश्चित असतात आणि बदलण्याचा संभव कमी असतो, तेथे तिचा लाभ मर्यादित राहतो.

हेही पाहा

* स्क्रम
* कानबान
* एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग
* सॉफ्टवेअर अभियांत्रिकी