आधार कुठला? : भेदिक शाहिरीतले महाभारत

मराठी रंगभूमीच्या इतिहासात तासगाव तालुक्यातील सावळज या गावाचे नाव एखाद्या ओळीपुरते येते. उमा-बाबू सावळजकर यांचा 'मोहना बटाव' हा तमाशातील पहिला वग मानला जातो, आणि त्याचे साल १८६५ असे सांगितले जाते. विद्यार्थी ही नोंद पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. नोंदीला आमचा आक्षेप नाही. आमची तक्रार आहे ती तिच्या अलीकडच्या कोऱ्या जागेविषयी. वग नव्हता तेव्हा फडावर रात्र कशी सरत असे? गण झाला, गौळण झाली, चार लावण्या झाल्या. पण एवढ्याने उजाडत नाही. त्या रात्रीचा मोठा हिस्सा सवालांचा होता, आणि ते सवाल बहुतांशी रामायण-महाभारतातील व्यक्तींविषयी, त्यांच्या कुळांविषयी आणि कथेत राहून गेलेल्या फटींविषयी होते. या प्रकाराला भेदिक म्हणतात. त्याच्याकडे वाङ्मयेतिहासाने पाहिले ते फार तर कोडी घालण्याचा ग्रामीण छंद म्हणून. आमच्या मते ती महाकाव्याच्या वाचनाची एक शिस्त होती, आणि मराठी समीक्षेच्या इतिहासात तिला जागा मिळायला हवी.

भेदिकाची चौकट कलगी-तुऱ्याची. कलगीवाले शक्तीला, मायेला श्रेष्ठ मानणार. तुरेवाले शिवाला, ब्रह्माला. या दोन पक्षांच्या उगमाची आख्यायिका तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर या दोघांशी जोडलेली आहे. चंदेरीच्या राजाने दोघांचा वाद ऐकून एकाला तुरा दिला व दुसऱ्याला कलगी, असे ती सांगते. आख्यायिकेला इतिहास म्हणण्याचे कारण नाही, पण या परंपरेने आपल्या मूळपुरुषांत एक हिंदू गोसावी आणि एक मुसलमान फकीर शेजारी बसवले आणि त्यात तिला काही वावगे वाटले नाही, एवढे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे कृष्णाकाठच्या आणि माणदेशाच्या पट्ट्यात ही शाहिरी चांगलीच रुजली. पुसेसावळीचे हैबतीबुवा याच भागातले. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे लावणीकार म्हणून गाजले, पण तेही याच मुशीतून घडले होते.

रीत साधी होती. एका पक्षाने डफ-तुणतुण्यावर सवाल गाऊन टाकायचा आणि दुसऱ्याने तो त्याच चालीत, त्याच वृत्तात सोडवून वर आपला सवाल टाकायचा. ज्याला सोडवता आले नाही त्याचा डफ काढून घेतला जाई, असे जुने लोक सांगत. सवालांच्या दोन जाती. एक अध्यात्माची : नऊ दारांचा वाडा, पाच भावांचा संसार, पंचवीस जणांची पंगत, असे गूढ शब्द पेरायचे आणि त्यातून देह, पंचमहाभूते, सांख्यांची तत्त्वे सोडवून घ्यायची. या जातीत ठरावीकपणा लवकर शिरला आणि त्यातले पुष्कळसे आज वाचवत नाही. दुसरी जात पुराणाची, आणि आमचा विषय ती आहे.

पुराणाच्या सवालाचा मासला वाचकांनी स्वतःच लावून पाहावा. धृतराष्ट्राचा कोणता मुलगा युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे गेला आणि वाचला? अज्ञातवासात बल्लव, बृहन्नडा ही नावे जगाला सांगायची. मग आपसात हाक मारायला भावांनी कोणती नावे ठेवली होती? भरसभेत द्रौपदीची बाजू घेणारा कौरव कोण, आणि तो मेला कोणाच्या हातून? युयुत्सू, जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल, विकर्ण आणि भीम. इथवर ही केवळ स्मरणाची परीक्षा आहे. पण यातला प्रत्येक सवाल एका अडचणीच्या दारात नेऊन सोडतो. विकर्णाने न्यायाची बाजू घेतली होती, आणि भीमाने त्याला मारले ते शंभरांना मारण्याच्या प्रतिज्ञेपायी. मग धर्म कुणीकडे? सवाल टाकणारा इथे थांबतो, आणि समोरच्याला नुसते नाव सांगून सुटता येत नाही. 'भेद' हा शब्द या दुसऱ्या पायरीसाठी आहे.

महाभारताला हे परके नाही. वनपर्वात यक्षाच्या तळ्याकाठी चार भाऊ मरून पडतात ते प्रश्नाला उत्तर न देता पाणी प्यायले म्हणून, आणि पाचवा त्यांना सोडवतो तो शस्त्राने नव्हे, उत्तरांनी. व्यासांनी लेखकाला गुंतवून ठेवण्यासाठी आठ हजार आठशे कूटश्लोक घातले, ही गणपतीची गोष्ट तर गावोगाव ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ही गोष्ट मूळ संहितेत नाही. तिची रवानगी परिशिष्टात झाली आहे. तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गोपुराच्या देवळातून दर ऋषिपंचमीला ज्या गणपतीचा रथ निघतो, ज्याला प्रत्येक फडाच्या गणात पहिले वंदन, तो महाभारताचा लेखनिक म्हणून विद्वानांच्या हिशेबी उत्तरकालीन ठरला. फडाला त्याने काही फरक पडला नसता. पण कूटे सोडवणाऱ्यांना ज्या कथेने प्रतिष्ठा दिली तीच प्रक्षिप्त निघावी, याची मौज वाटते खरी.

आता आधाराविषयी. फडावर कुणीही काहीही कल्पून उत्तर देऊ शकत नसे. 'आधार कुठला?' हा प्रतिसवाल ठरलेला. ग्रंथ सांगावा लागे, अध्याय सांगावा लागे. म्हणून भेदिक शाहिराच्या घरी बाडे असत. त्यांत सवाल उतरवलेले, उत्तरे उतरवलेली, आणि पुष्कळदा उत्तर मुद्दाम गाळलेले, कारण बाड दुसऱ्याच्या हाती पडण्याचे भय. ग्रंथ म्हणजे मात्र संस्कृत महाभारत नव्हे. ग्रंथ म्हणजे नाझऱ्याच्या श्रीधराचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३) आणि 'पांडवप्रताप' (१७१२). त्यामागे कृष्ण याज्ञवल्कीचा 'कथाकल्पतरू'. आणि जैमिनीच्या अश्वमेधाची मराठी रूपे. चातुर्मासात देवळात पोथी लागे, आणि ज्यांना अक्षर येत नव्हते तेही ऐकून ओव्यांचे धनी होत. उकळत्या तेलातून हसत निघणारा सुधन्वा किंवा चंद्रहास आणि विषया यांची कथा महाराष्ट्रात महाभारताचीच मानली जाते. व्यासांच्या नावावरील संहितेत ही दोन्ही पात्रे नाहीत, ती जैमिनीची. फडावर चंद्रहासाचा सवाल टाकणारा चुकत नव्हता. त्याची प्रमाणग्रंथांची यादी वेगळी होती, आणि ती त्या सभेला मान्य होती.

आमचे म्हणणे नेमके इथे आहे. उमा-बाबू मातंग समाजातले. तमाशातील कलावंतांपैकी बहुतेक महार-मातंग, कोल्हाटी समाजांतून आलेले. यांच्यासाठी संस्कृत पाठशाळेचे दार बंद, आणि पोथी ऐकायला बसायचे ते अनेकदा देवळाबाहेर. अशा माणसांनी भर गावात उभे राहून 'आधार कुठला?' असे विचारायचे, आणि समोरच्याने, मग तो कोणत्याही जातीचा असो, आधार द्यायचा. ग्रंथाचा अधिकार नाकारून नव्हे, तर तो पूर्णपणे मान्य करून त्याच्यावर हक्क सांगण्याची ही तऱ्हा होती. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' राजाश्रयाने रंगले. तिथे प्रेक्षक राम-रावण पाहायला आले. फडावर आलेला प्रेक्षक निवाडा द्यायला आला होता.

या शिस्तीचे नागर रूप आम्हांला इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मध्ये (१९६७) दिसते. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असेल काय, असा प्रश्न इरावतीबाईंनी घातला तेव्हा तो अनेकांना धाडसाचा वाटला. त्यांची साखळी पाहण्यासारखी आहे. कुंतीने पहिल्याने बोलावला तो यमधर्म. मांडव्याच्या शापाने विदुर झाला तोही यमधर्मच. नियोगाला धाकटा दीर चालत असे. आणि आश्रमवासिक पर्वात अरण्यात झाडाला टेकून उभा असलेला विदुर युधिष्ठिराकडे एकटक पाहत योगबळाने त्याच्या देहात शिरतो. मरता बाप आपली इंद्रिये, आपले प्राण मुलाच्या ठायी ठेवतो त्या उपनिषदातल्या विधीशी बाईंनी हे दृश्य ताडून पाहिले. मग गुप्तता का? दासीपुत्राचा मुलगा म्हटल्यावर गादीवरचा हक्क उरला नसता म्हणून. हा प्रश्न कुणा शाहिराने त्यांच्या आधी टाकला होता असा आमचा दावा नाही. पण त्याची घडण अस्सल भेदिकाची आहे : दोन नावे एकाच देवाची, एक उघड आणि एक झाकलेले, आणि मधला दुवा ग्रंथातच सांडलेला. फरक आहे तो आधाराचा. बाईंच्या मागे मानववंशशास्त्र होते, नियोगाच्या रूढीचा अभ्यास होता, आणि त्याच सुमारास पुरी झालेली चिकित्सक संहिता होती. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भेदिकाला काय मिळाले ते पुढे येईलच.

चिकित्सक संहितेने प्रमाण बदलले की तर्क कसा उलटतो याचे उदाहरण द्रौपदीचे. स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' असे तिने कर्णाला भरमंडपात सुनावले, यावर मराठीत केवढे तरी लेखन उभे आहे. चिकित्सक आवृत्तीने तो प्रसंग मूळ संहितेतून काढून टिपांत घातला. मयसभेतील 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हा तिचा टोमणा तर संस्कृत सभापर्वात नाहीच. दुर्योधन बापाजवळ गाऱ्हाणे सांगताना द्रौपदीही स्त्रियांसह हसली असे म्हणतो, तेवढेच. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी नाराज होतात. आणि याच्या नेमके उलट टोक म्हणजे जांभूळ आख्यान, जे विठ्ठल उमपांनी अलीकडच्या पिढ्यांपर्यंत आणले. त्यात द्रौपदी कबूल करते की कर्णाला पाहून, हा सहावा असता तर, असे तिच्या मनात आले होते. संहितेने तिच्या तोंडचा तिरस्कार काढून घेतला. लोककथेने त्याच जागी अभिलाषा ठेवली. दोघांनाही एकच फट दिसली होती, एवढे मात्र म्हणता येईल.

आमचे काही विद्यार्थी इंग्रजीतील अद्भुत कादंबरीमालांत रमलेले असतात. जॉर्ज मार्टिन यांच्या मालेचा पहिला खंड १९९६ मध्ये आला, आणि त्यातील जॉन स्नो या दासीपुत्र समजल्या गेलेल्या तरुणाचे खरे आईबाप कोण, यावर वाचकांनी पुढची वीस वर्षे आधार गोळा केले : निळ्या गुलाबांचा उल्लेख कुठे आला, मरणाऱ्या बहिणीला दिलेले वचन कोणते. २०१६ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेने तो तर्क खरा ठरवला. कादंबऱ्यांत मात्र २०११ च्या पाचव्या खंडापर्यंत उलगडा नाही. राजवंश, झाकलेले पितृत्व, सांडलेले दुवे. हे सगळे आपल्याला ओळखीचे वाटते. तरी एक भेद मोठा आहे. तिथे लेखक हयात आहे, उत्तर त्याच्या खिशात आहे, आणि वाचकाचा तर्क अखेर बरोबर किंवा चूक ठरणार आहे. व्यास उत्तर द्यायला येत नाहीत. म्हणून फडावरचा तर्क बरोबर किंवा चूक नव्हता. तो सभेत टिकला किंवा पडला. टिकलेला तर्क पुढच्या वर्षी पुन्हा पाडता येत होता.

ही परंपरा क्षीण कशी झाली हे थोडक्यात सांगता येईल. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाडे छापले ते इतिहासप्रसिद्ध स्त्री-पुरुषांचे. त्या पिढीला शाहिराकडून इतिहास हवा होता. नंतरच्या संग्राहकांना लावणीतला शृंगार आणि नाद हवा होता. भेदिक दोन्हींत बसेना. इकडे फडावर वगाने रात्र व्यापली. सावळजचे श्रेय आम्ही कमी करत नाही, पण लोकांना गोष्ट एकसंध पाहायला मिळू लागली तेव्हा गोष्टीच्या फटींवर भांडायला वेळ उरला नाही, हेही त्याच श्रेयाच्या खात्यात लिहायला हवे. अनंत माने यांचा 'सवाल माझा ऐका!' हा चित्रपट १९६४ साली आला तेव्हा सवाल-जवाब हा तमाशातला एक ठसकेबाज तुकडा होऊन बसला होता. त्याची लज्जत आम्हीही घेतो. पण पडद्यावर सवाल टाकणाऱ्याला आणि सोडवणाऱ्याला दोघांनाही उत्तर आधीच लिहून दिलेले असते.

सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जत्रांत भेदिकाचे सामने अजून होतात, गायक थोडे आणि बहुतेक वयस्क असले तरी. बाडेही घरांत आहेत. ती छापायची तर संपादकापुढे पहिली अडचण उभी राहील ती गाळलेल्या उत्तरांची. ती उत्तरे चिकित्सक संहितेतून भरायची की श्रीधरातून?