दृष्टीचा कोन आणि उभे राहण्याची जागा

‘दृष्टिकोन’ हा शब्द आपण बहुधा मतासाठी वापरतो. त्यात भूमितीतला खराखुरा कोन दडलेला आहे, ह्याचे स्मरण क्वचितच राहते. पाहणारा कोठे आणि किती उंचीवर उभा आहे, ह्यावर त्याला काय दिसणार हे ठरते. हौशी छायाचित्रकार आणि प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून प्रतिकृती रचणारे छांदिष्ट ह्या दोघांचाही शोध ह्या कोनासाठीच चाललेला असतो. आज ही दोन्ही साधने आपल्या मुलांच्या हाती आहेत. म्हणून ह्या शोधाचा इतिहास थोडक्यात पाहणे उचित ठरेल.

आरंभ कॅमेऱ्याच्याही आधीपासून करावा लागेल. रोममधील संत इग्नेशियसच्या ख्रिस्तमंदिराला घुमट नाही. येशूसंघीय ब्रदर आंद्रेआ पोत्सो ह्यांनी १६८५ साली घुमटाच्या जागी सपाट कापडावर घुमटाचे चित्र रंगवून बसविले. खाली फरशीवर एक गोल खूण आहे. तिच्यावर उभे राहून वर पाहिले की घुमट खरा भासतो. पुढे चालत गेले की तो कलंडू लागतो आणि त्याचे चित्रपण उघडे पडते. पोत्सो ह्यांनी आभास निर्माण केला. परंतु तो कोठून पाहावा, हेही कळण्याची सोय तेथे आहे.

छायाचित्रणात कोनाचा विचार उशिरा आला. जॉर्ज ईस्टमन ह्यांचा कोडॅक कॅमेरा १८८८ साली आला आणि १९०० मध्ये अवघ्या एका डॉलरला मिळणाऱ्या ‘ब्राउनी’ने हा छंद सामान्य घरांत नेला. ही पेटी छातीपोटाशी धरून बटण दाबायचे, अशी रीत होती. पुढे १९२५ साली ऑस्कर बार्नाक ह्यांनी घडविलेला ‘लायका’ लाइपझिगच्या जत्रेत मांडला गेला. हा लहानसा कॅमेरा डोळ्याला लावून वर, खाली, तिरका, कसाही वळविता येई. ह्याच सुमारास मॉस्कोमध्ये अलेक्सांद्र रोद्चेन्को ह्यांनी मियास्नित्स्काया रस्त्यावरील आपल्या इमारतीचे सज्जे पायथ्याशी उभे राहून टिपले. सज्ज्यांची रांग आकाशात शिडीसारखी चढत गेलेली दिसते. सारे छायाचित्रकार जगाकडे जणू बेंबीतून पाहतात, अशी टीका त्यांनी १९२८ साली लिहिलेल्या लेखांत केली. त्याच वर्षी लास्लो मोहोली-नाज ह्यांनी बर्लिनच्या रेडिओ मनोऱ्यावरून थेट खाली पाहिले, आणि ओळखीचे अंगण एखाद्या नक्षीसारखे दिसू लागले.

ठोकळ्यांची कथाही काहीशी अशीच आहे. डेन्मार्कमधील बिलुंड गावचे सुतार ओले किर्क क्रिस्तियानसेन ह्यांच्या लेगो कारखान्याने १९४९ साली एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे विक्रीस आणले. इंग्लंडमधील हिलरी पेज ह्यांच्या ठोकळ्यांवरून ते घेतलेले होते. ते आतून पोकळ असल्याने त्यांची पकड सैल होती. ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसविण्याची युक्ती निघाली, तिच्या एकाधिकारासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला, आणि रचना घट्ट उभी राहू लागली. तथापि तिची दिशा एकच होती : गोल उंचवटे वर ठेवायचे आणि थरावर थर चढवायचे. पुढे बाजूलाही उंचवटा असलेले ठोकळे आले आणि छांदिष्टांनी रचना आडवी वळविली. हे जमते ते मापांच्या मेळामुळे. पाच पातळ पट्ट्यांची एकूण उंची १६ मिलिमीटर भरते. दोन उंचवट्यांच्या ठोकळ्याची रुंदीही जवळजवळ तेवढीच असते. साहजिकच आडवी भिंत उभ्या भिंतीत चपखल बसते.

एका हिशेबाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे १०,२९,८१,५०० प्रकारे जुळविता येतात, असे कंपनी वर्षानुवर्षे सांगत असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स ह्यांच्या ध्यानात आले की, ह्या मोजणीत केवळ सहा थरांचे मनोरे धरलेले होते. इतर सर्व रचना धरल्यावर उत्तर आले ९१,५१,०३,७६५. ठोकळे तेच सहा. केवळ मनोऱ्याचा हट्ट सुटला.

ठोकळ्यांची प्रतिकृती छायाचित्रात उतरविताना हे दोन्ही छंद एकत्र येतात. १९७८ साली आलेली लेगोची छोटी माणसे जेमतेम चार सेंटिमीटर उंचीची आहेत. उभ्याने, वरून फोटो काढला तर खेळणे ते खेळणेच राहते. टेबलावर हनुवटी टेकवून भिंग त्या चार सेंटिमीटरच्या उंचीवर नेले की दरवाजा दरवाजासारखा उंच होतो आणि रस्ता लांब पळत जातो. इतक्या जवळून फोकसची खोली अगदी थोडी मिळते. म्हणून भिंगाचे छिद्र लहान करावे, कॅमेरा स्थिर ठेवावा आणि खिडकीचा प्रकाश बाजूने घ्यावा.

परंतु वेधक कोन म्हणजे सत्य कोन, असे मात्र नव्हे. रोद्चेन्को ह्यांच्याच आयुष्याने हे दाखविले. १९३० साली त्यांनी तुतारी फुंकणाऱ्या मुलाला अगदी खालून टिपले, आणि चेहरा विद्रूप केल्याचा ठपका त्यांच्यावर आला. पुढे कलावंतांच्या संघटनेतूनही त्यांना काढण्यात आले. त्यानंतर १९३३ मध्ये श्वेत समुद्र आणि बाल्टिक ह्यांना जोडणाऱ्या कालव्याची छायाचित्रे त्यांनी सरकारी प्रचार-मासिकासाठी काढली. तो कालवा कैद्यांच्या सक्तीच्या श्रमातून खोदला गेला होता आणि हजारो कैदी त्यात मरण पावले होते. छायाचित्रांत दिसतात त्या भव्य कर्णरेषा, कामाला लागलेले हात आणि वाद्यवृंद. कोन कुशल आहेत. परंतु पाहणाऱ्याला एकाच जागी उभे केले आहे आणि ती जागा कोणी निवडली, हे त्याच्यापासून लपविले आहे. पोत्सो ह्यांच्या घुमटाखाली चार पावले चालण्याची मुभा होती. ह्या पानांवर ती नव्हती.

म्हणूनच हे दोन छंद मुलांनी एकत्र जोपासावेत, असे मला वाटते. छायाचित्र एक जागा निवडायला शिकविते. हाताने रचलेली प्रतिकृती तिच्याभोवती फिरून पाहायला लावते. मुलाने एखादा सुंदर फोटो दाखविला तर आपण त्याचे मनापासून कौतुक करावे, आणि मग सहज विचारावे : “बाळा, तू कुठे उभा होतास? आणि पलीकडून ते कसे दिसत होते?”