परवान्याची हद्द

परभणी जिल्ह्यातील पालम हे गाव ज्या काळी निजामाच्या मुलखात मोडत होते, त्या काळी तेथून पुण्यास किंवा नागपुरास पत्र धाडणाऱ्या मनुष्यास संस्थानचे तिकीट पुरत नसे. कारण हैदराबादने 1869 पासून स्वतःची टपाल-तिकिटे काढली असली, तरी त्यांची मान्यता सरहद्दीपाशीच संपे आणि पलीकडे इंग्रज सरकारचे तिकीट लागे. चलनाचीही तीच गत होती: इंग्रज सरकारच्या 100 कलदार रुपयांस निजामाचे सुमारे 116 हाली रुपये मोजावे लागत, आणि मालाची झडती करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर होई. 1 एप्रिल 1950 रोजी संस्थानचे टपालखाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले, तेव्हा पत्रापुरती ती हद्द मिटली.

उपग्रह-दूरध्वनीचा इतिहास पाहताना त्या तिकिटाचे स्मरण होते. विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरणारा उपग्रह भूगोलाचा ठरावीक भागच पाहू शकतो. म्हणून अशा उपग्रहांवर चालणाऱ्या इन्मारसॅटची दूरध्वनी-सेवा ध्रुवांपर्यंत पोहोचत नाही, आणि तशाच थुराया सेवेच्या टप्प्याबाहेर दोन्ही अमेरिका राहतात. इरिडियमने मात्र 780 किलोमीटर उंचीवर 66 उपग्रह फिरते ठेवून, एकाकडून दुसऱ्याकडे संभाषण सोपवीत, ध्रुवही कवेत घेतले. पालमच्या उघड्या शिवारातून नैऋत्येचे आकाश पाहावे, तर यंत्राच्या आड येईल असा डोंगर नाही की उंच इमारत नाही. तिन्ही सेवांच्या टप्प्यात हा तालुका येतो.

परंतु टप्पा निराळा आणि परवानगी निराळी. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांच्या आधारे सरकारने आकाशावरही आपला अंमल बसविला, आणि संभाषण स्वदेशी भूमीवरील केंद्रातूनच जावे, असा आग्रह धरला. पुण्याजवळ दिघीस इरिडियमचे केंद्र उभे राहिले. पण ऑगस्ट 1999 मध्ये मूळ कंपनीचेच दिवाळे वाजले. पुढे नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर चालून आलेल्या मारेकऱ्यांनी ‘कुबेर’ नौकेवर टाकून दिलेला थुराया फोन सापडला, आणि सरकारची सावधगिरी अधिकच कठोर झाली. ती मला अनाठायी वाटत नाही.

मे 2017 मध्ये बीएसएनएलने गाझियाबादच्या केंद्रातून इन्मारसॅटची सेवा सुरू केली, तीही प्रथम सरकारी यंत्रणांपुरतीच. महापुरात मोबाइलचे मनोरे मुके होतात, त्या घटकेस तालुक्याच्या तहसीलदाराहाती असा एक फोन, रीतसर परवान्यासह, असलाच पाहिजे, आणि तो मिळविण्यासाठी त्याला मुंबई-दिल्लीचे उंबरे झिजवावे लागू नयेत.